धुराला डिस्चार्ज!

सोलापूरच्या सात रस्त्यावर उभं राहा आणि विजापूर रोडच्या दिशेला तोंड करा. माहीत आहे का, मोगल दरबारात तंबाखू पोचली ती याच बाजूने? अकबराचा सरदार असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीतून परतला, तेव्हा बादशहासाठी नजराणा म्हणून तंबाखू घेऊन गेला. सोबत जडावाचं काम केलेली चिलीम आणि तीन हात लांब नळी! माल पोर्तुगीजांनी आणलेला, पॅकिंग दख्खनी, डिलिव्हरी थेट आग्र्याला. विजापूर इथून जेमतेम शंभर किलोमीटर. म्हणजे या पार्सलवर आपल्या भागाचा शिक्का आहे, मंडळी!

आणि गंमत पुढेच आहे. बादशहाने दोन-चार झुरके मारले मात्र, शाही हकीम आडवा आला. ही नवी वस्तू आपल्याकडच्या जाणत्यांनी पारखलेली नाही, तेव्हा बस झालं, असं त्याचं म्हणणं. असद बेगने हुज्जत घातली, फिरंगी लोकांचे दाखले दिले. पण अकबराने काही सवय लावून घेतली नाही. दरबारी मात्र लागले! पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूबंदीचं फर्मान काढलं. त्याचं काय झालं, ते कुठल्याही पानटपरीवर जाऊन बघा.

तर 'डॉक्टरने तंबाखू सोडायला सांगणं' हा प्रकार आपल्याकडे चारशे वर्षं जुना आहे. मग हॉस्पिटलांनी ते रीतसर करायला इतका वेळ का लावला?

कारण, माहीत आहे का, एकेकाळी डॉक्टरच सिगारेटचे मॉडेल होते! १९४६ मध्ये अमेरिकेत 'कॅमल' कंपनीची जाहिरात होती : इतर कुठल्याही ब्रँडपेक्षा जास्त डॉक्टर आमचीच सिगारेट ओढतात. फोटोत पांढरा कोट, हसरा चेहरा, बोटांत सिगारेट. हॉस्पिटलच्या आवारात सिगारेट विकत मिळायची. पेशंट खोकतोय, डॉक्टरही खोकतोय. काय माहोल असेल!

मग १९४८ मध्ये लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी हॉस्पिटलांतल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. डॉलचा पहिला संशय कुणावर होता सांगा? रस्त्यावरच्या डांबरावर आणि मोटारींच्या धुरावर! आकडे आले, आणि गुन्हेगार निघाला खिशातला. अभ्यास पुरता संपण्याआधीच डॉलसाहेबांनी स्वतःची सिगारेट विझवली. पुढचा अभ्यास तर थेट डॉक्टरांवरच, चाळीस हजारांवर ब्रिटिश डॉक्टरांवर. पन्नास वर्षं चालला. निकाल : साठीला सिगारेट सोडली तर आयुष्याची साधारण ३ वर्षं परत, पन्नाशीला ६, चाळिशीला ९ आणि तिशीला जवळजवळ सगळी १०. बँकेचा कुठला एफडी रेट हा रिटर्न देईल, सांगा बरं!

आता जरा घरचं. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान नको, हा सुप्रीम कोर्टाचा आदेश कुणाच्या याचिकेवर आला माहीत आहे का? मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा! तारीख २ नोव्हेंबर २००१. कोर्टाने जी ठिकाणं नावानिशी सांगितली, त्यांत हॉस्पिटलं होतीच. मग २००३ चा तंबाखू नियंत्रणाचा कायदा आला, आणि २ ऑक्टोबर २००८ ला, म्हणजे ऐन गांधीजयंतीला, नवे कडक नियम लागू झाले.

त्या नियमांतली एक मज्जा बघा. 'धूम्रपान निषिद्ध'चा बोर्ड मनाला येईल तेवढा नाही लावायचा. माप ठरलेलं : किमान ६० बाय ३० सेंटीमीटर. तक्रार कुणाकडे करायची, ते नावही लिहायचं. आणि ॲशट्रे, काडेपेटी, लायटर पुरवायचे नाहीत. ३० किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलला आणि विमानतळाला धूम्रपानासाठी वेगळी खोली करता येते. हॉस्पिटलला? नाही म्हणजे नाही! दंड मात्र २०० रुपयांपर्यंत. महागाई कुठे गेली, दंड तिथेच. हा आकडा मला तरी जोक वाटतो.

विमानतळावरून आठवलं. जून २०२३ मध्ये सोलापुरात सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंचच उंच चिमणी पाडली, विमानाच्या वाटेत येते म्हणून. एवढी मोठी चिमणी जमिनीवर आली राव, तोंडातली बोटभर चिमणी हलत नाही!

पण थांबा. इथे स्टोरीत ट्विस्ट आहे, आणि तो महाराष्ट्राचा खास आहे.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले किती टक्के प्रौढ धूर काढत होते, माहीत आहे का? ३.८ टक्के! फक्त! आणि तंबाखू चघळणारे, घासणारे, दाबणारे? २४.४ टक्के! म्हणजे 'नो स्मोकिंग'चा ६० बाय ३० चा बोर्ड लावला, की आपण त्या चिमूटभर लोकांना पकडलं. बाकी जनता त्याच बोर्डाखाली उभी राहून निवांत मळतेय. त्या २००३ च्या कायद्याचं कलम ४ धुरापुरतं आहे. तोंडात बार भरलेला माणूस वॉर्डात बिनधास्त फिरू शकतो, कारण धूर कुठाय?

दृश्य डोळ्यासमोर आणा. कुठल्याही मोठ्या सरकारी हॉस्पिटलचा जिना. नातेवाईक पायरीवर बसलाय. खिशातून पुडी, दुसऱ्या खिशातून चुन्याची डबी. डाव्या तळव्यावर चिमूट, वर नखाने चुना, उजव्या अंगठ्याने मळणं, मग दोन थापा. उडालेल्या भुकटीने शेजारच्याला शिंक. चिमूट खालच्या ओठात, आणि दोन मिनिटांत नजर कोपरा शोधायला लागते. त्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावल्यात : साईबाबा, गणपती, शेजारी मक्का-मदिना, शेजारी क्रूस. सर्वधर्मसमभावाचं इतकं देखणं प्रदर्शन दुसरीकडे कुठे मिळणार नाही. हेतू एकच : इथे तरी थुंकू नका रे बाबांनो!

म्हणून माझं मत सरळ आहे : महाराष्ट्रातल्या हॉस्पिटलने 'धूरमुक्त'वर थांबू नये, 'तंबाखूमुक्त' व्हावं. आणि नुसतं 'नको' म्हणण्याऐवजी सोडायचं औषध त्याच इमारतीत द्यावं. बोर्ड भिंतीवर असतो, तलफ मेंदूत.

आणि मेंदूतली गाडी किती फास्ट आहे, माहीत आहे का? सिगारेटचा झुरका घेतल्यापासून निकोटिन मेंदूत पोचायला १० ते २० सेकंद पुरतात. शिरेतून इंजेक्शन दिलं तरी यापेक्षा फारसं लवकर पोचत नाही. आता सांगा, केवळ 'मनाचा निग्रह करा' म्हणून कसं भागेल?

थिएटरमध्ये पिक्चर सुरू होण्याआधी दिसणारा तो मुकेश आठवतो? सगळ्या देशाने ज्याच्यावर मीम केले तो? माहीत आहे का, तो आपला भुसावळचा होता. टाटा हॉस्पिटलमध्ये ती फिल्म चित्रित झाली, २००९ मध्ये. त्याच वर्षी तो गेला, वय अवघं २४. आणि तो गुटखा खायचा, धूर काढत नव्हता. पडद्यावर हिरो सिगारेट ओढतो म्हणून दाखवतात कुणाला, तर गुटख्याच्या बळीला! यावर हसू येत नाही.

त्याच्या जोडीची दुसरी फिल्म, स्पंज पिळून काळं डांबर पेल्यात काढणारी, ती मूळची ऑस्ट्रेलियाची. तिला आपला आवाज दिला, इतकंच.

नेत्यांचं काय? माढ्याचे माजी खासदार शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. ही सवय वेळीच सुटायला हवी होती, हे त्यांनी जाहीर कार्यक्रमांतून बोलून दाखवलंय. गुटख्यावर राज्यात बंदी आली २०१२ मध्ये. सप्टेंबर २०२० मध्ये तर सुट्ट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवरही बंदी आली! का, माहीत आहे? पाकिटाच्या दोन्ही बाजूंवर ८५ टक्के जागेत तो भयानक फोटो असतो, आणि सुट्टी एक घेतली की फोटो टपरीवाल्याकडेच राहतो. "मालक, एक द्या," म्हणायचं आणि डोळे मिटून ओढायची. बंदी आहे खरी. टपरीवाल्याला कळवलंय की नाही, देव जाणे.

आता अभिमानाने कॉलर ताठ करा! भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी कुठे सुरू झाली, माहीत आहे का? मुंबई-दिल्ली विसरा. सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला! साल १९८७, टाटा हॉस्पिटलच्या साथीने. खेड्यापाड्यांत फिरून कुणाला कुठला कॅन्सर झाला, याची नोंद ठेवायची, ही कल्पना बार्शीच्या मातीत रुजली. भगवंताच्या बार्शीची ही ओळख आपल्या पोरांना शाळेत कुणी सांगत नाही, ही मात्र कमाल आहे.

सोलापूरचं आणखी एक नातं, थोडं नाजूक. हे विडी कामगारांचं शहर. हजारो बायका घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात, मजुरी हजार विड्यांच्या हिशेबावर. २००६ मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत या महिलांसाठी १० हजार घरं उभी राहिली. वळणारी बाई बहुतेक वेळा स्वतः ओढत नाही, पण तंबाखूची भुकटी दिवसभर तिच्या नाकातोंडात जाते. तिला डॉक्टर विचारतो, "तुम्ही सिगारेट ओढता का?" उत्तर 'नाही'. कागदावर 'नाही'. खेळ खल्लास! धूळ जाते तिच्या छातीत, आणि त्यासाठी केसपेपरवर रकानाच नाही.

तसंच मिश्रीचं. महाराष्ट्रातल्या सुमारे १७ टक्के बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरतात, असं तेच सर्वेक्षण सांगतं. पण मावशींना कोण विचारतंय? "दात घासते मी, व्यसन कसलं?" असं म्हणून मावशी डबीचं झाकण लावून मोकळ्या!

मग हॉस्पिटलच्या तंबाखू सोडवणाऱ्या टेबलावर काय विचारतात? लंबाचौडा इतिहास नाही. हुकमी प्रश्न एकच : "काका, सकाळी उठल्यावर पहिला बार किती वेळात?"

"तोंड धुवायच्या आधी."

झालं निदान! उठल्यापासून पाच मिनिटांत लागत असेल तर व्यसन घट्ट. हा प्रश्न स्वीडनच्या कार्ल फॅगरस्ट्रॉम नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या प्रश्नावलीतला. आज जगभर विचारतात, अगदी आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या समुपदेशनातही.

काही ठिकाणी मग फुंकायचं छोटं यंत्र पुढे करतात. श्वास रोखा, नळीत सोडा, स्क्रीनवर आकडा येतो : तुमच्या श्वासातला कार्बन मोनॉक्साइड. हा गॅस रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. काल रात्री 'एकच' ओढली म्हणणारा माणूस आकडा बघून गप्प होतो. चांगली बातमी ही, की सिगारेट थांबवून साधारण अर्धा दिवस झाला की तो आकडा नॉर्मलकडे येतो. इतक्या लवकर निकाल देणारी परीक्षा दहावी-बारावीला असती तर!

चहाप्रेमींनो, हे खास तुमच्यासाठी. सिगारेट सोडल्यावर तोच चहा जास्त चढतो, माहीत आहे का? धुरातली काही रसायनं यकृताचं एक एन्झाइम पळवतात, त्यामुळे कॅफीन झटपट निकालात निघतं. सिगारेट थांबली की एन्झाइम सुस्तावतं आणि तितक्याच चहाकॉफीत रक्तातलं कॅफीन जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. मग हात थरथरतात, झोप उडते, आणि माणूस म्हणतो, "बघा, सिगारेट सोडली म्हणून त्रास झाला!" अहो, त्रास चहाचा! कप अर्धा करा.

हाच फंडा औषधांना लागू. दम्याचं थिओफायलिन, मानसिक आजारातलं क्लोझापिन : रोज विड्या ओढणारा पेशंट ॲडमिट झाला, वॉर्डात विडी बंद झाली, की तोच डोस अचानक जास्त पडू शकतो. म्हणून सिस्टरने 'तुम्ही ओढता का' विचारलं तर लाजू नका. ती भोचकपणा करत नाहीये, डोसचा हिशेब लावतेय.

ऑपरेशन ठरलंय? किमान ४ आठवडे आधी तंबाखू बंद केली तर ऑपरेशननंतरच्या भानगडी कमी होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जखमही बरी भरते. सर्जनला गिफ्ट द्यायचंच असेल तर हेच द्या.

आता औषधांची चटपटीत जन्मकथा. निकोटिन गम कुणामुळे आला, माहीत आहे का? पाणबुडीतल्या खलाशांमुळे! आत धूर काढायची सोय नाही, म्हणून स्वीडिश खलाशी तंबाखू चघळायचे. ते पाहून संशोधकांना वाटलं, धुराशिवाय निकोटिन देता येईल की! ओव्हे फेर्नो यांनी गम बनवला, १९७८ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाजारात आला. दुसरं औषध ब्युप्रोपियॉन : होतं नैराश्यावरचं, पेशंट म्हणायला लागले की सिगारेटची आठवणच येत नाही! तिसरं सायटिसिन, १९६४ पासून बल्गेरियात. ज्या झाडातून ते येतं, त्याची पानं महायुद्धात तंबाखू नाही म्हणून सैनिक ओढत. नक्कल करायला गेले आणि औषध सापडलं!

गम मात्र च्युइंगमसारखा चावायचा नाही हं. कचाकचा चावला की उचकी, मळमळ, आणि "हे काही कामाचं नाही" असा निकाल. चार-पाच वेळा चावा, झणझणलं की गालात दाबून ठेवा, झणझण गेली की पुन्हा चावा. आधी पाव तास चहाकॉफी नको. गालात दाबायचं टेक्निक! अहो, ते तर आपल्या काकांना पन्नास वर्षांपासून येतंय. पहिल्यांदाच अनुभव उपयोगी पडणार! २ मिलिग्रॅमचा गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो. आणि २०२२ पासून निकोटिनची ही उपचारपद्धत देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. वेप? भारतात २०१९ पासून बंदी. तो शॉर्टकट विसरा.

अमेरिकेत हॉस्पिटलं धूरमुक्त झाली ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, मान्यता देणाऱ्या संस्थेने अट घातली म्हणून. युरोपात १९९९ मध्ये धूरमुक्त हॉस्पिटलांचं जाळं उभं राहिलं, आता ते जगभर आहे. कॅनडात ओटावाच्या हृदयरोग संस्थेने प्रत्येक पेशंटला ॲडमिट होतानाच तंबाखूबद्दल विचारायची पद्धत बसवली. आणि जागतिक आरोग्य संघटनेत नोकरी हवी? २००५ पासून धूम्रपान करणाऱ्यांना तिथे एन्ट्रीच नाही!

आपल्याकडे गडचिरोली बघा. २०१६ मध्ये डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी 'मुक्तिपथ' सुरू केलं. दारू आणि खर्रा, दोन्हींवर. तालुक्याच्या ठिकाणी उपचाराचं क्लिनिक, गावात शिबिर. इकडचा मावा तो तिकडचा खर्रा, पण तिकडे त्यावर ओपीडी आहे! २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय महाविद्यालयांनाही तंबाखू सोडवणारी केंद्रं काढायला सांगितलं. डेंटल कॉलेजं त्याआधीपासून यादीत होतीच. दाताच्या डॉक्टरपासून तोंड लपवणार कसं?

पण सगळ्यात मोठी गोम शेवटी. हॉस्पिटलमध्ये पेशंट चार दिवस तंबाखूशिवाय राहतो, आणि गेटबाहेर पडला की पहिली टपरी! कॉटवर दिलेला नुसता सल्ला तिथेच विरतो. घरी गेल्यावर किमान महिनाभर फोन, भेट, विचारपूस चालू राहिली तरच सोडणाऱ्यांची संख्या वाढते, असं अनेक देशांतल्या अभ्यासांचं एकत्रित सार आहे. म्हणजे डिस्चार्ज कार्डावर टाके कधी काढायचे, याच्या खाली 'तंबाखूसाठी पुन्हा कधी यायचं' ही ओळ हवी. खर्च? एका ओळीची शाई.

घरच्यांनाही होमवर्क आहे. धूर विझल्यावरही त्याचा थर कपड्यांत, पडद्यांत, अंथरुणात बसतो, त्याला तिसऱ्या हाताचा धूर म्हणतात. तेव्हा पेशंट घरी यायच्या आधी सोलापुरी चादर धुऊन टाका. चादर टिकेल, ती सोलापूरची आहे!

तलफ आली तर? ती साधारण ३ ते ५ मिनिटांत ओसरते. पाणी प्या, मोठे श्वास घ्या, उठून दुसरं काही करा. तोंडाला चाळा हवाच असेल तर शेंगदाणे चघळा, सोलापुरात काय कमी आहेत?

आणि एकट्याने जमत नसेल तर राष्ट्रीय क्विटलाइन आहे, २०१६ पासून. मराठीतून बोलणारं केंद्र मुंबईत टाटा हॉस्पिटलमध्ये. नंबर शोधायला लांब जायला नको, २०१८ पासून तो तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. पुडी फेकण्याआधी एवढं एक काम तिच्याकडून करून घ्या : १८००-११-२३५६. फोन फुकट आहे, लावा!